‘सगळं करा’ म्हणण्याआधी

२०१६च्या पावसाळ्यात अण्णा गेले. वय ८१. मेंदूत रक्तस्राव झाला होता. आयसीयूत १९ दिवस होते, त्यातले १७ व्हेंटिलेटरवर.

पहिल्या रात्री डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, “नळी टाकावी लागेल. काय करायचं?” मी म्हणालो, “सगळं करा, डॉक्टर.” अमेरिकेतल्या दादाने फोनवर तेच सांगितलं. दुसरं काय सांगणार? त्या वेळी तोंडातून तेवढंच निघतं.

दहाव्या दिवशी तेच डॉक्टर म्हणाले, आता सुधारणा होईल असं वाटत नाही. धाकट्या बहिणीने विचारलं, “मग नळी काढता येईल का?” ते म्हणाले, “तसं कायद्यात बसत नाही. हवं तर डामा घ्या.” डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर पेशंटला घरी नेणं. त्या कागदावर सही आपली असते आणि पुढे रात्री-बेरात्री जे होईल तेही आपलंच असतं. बहीण म्हणाली, नेऊ या घरी. दादा फोनवर ओरडला, “बिलासाठी अण्णांना मारणार का तुम्ही?” त्या एका वाक्यामुळे ती दोघं पुढची तीन वर्षं बोलली नाहीत. सही झालीच नाही. अण्णा एकोणिसाव्या दिवशी पहाटे गेले. आम्ही तेव्हा पार्किंगच्या पावत्या शोधत होतो.

तेराव्यानंतर एका दुपारी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “त्यांना हे असलं नको होतं. काकांच्या वेळी मला म्हणाले होते, माझं असं करू नका.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला कुणी विचारलंच नाही.”

खरं होतं. ५४ वर्षं ज्या बाईने त्यांच्याबरोबर संसार केला, तिला आम्ही तीन शिकलेल्या मुलांनी १९ दिवसांत फक्त “जेवलीस का?” आणि “तू घरी जा, झोप” एवढंच विचारलं होतं.

डॉक्टर ‘कायद्यात बसत नाही’ का म्हणाले, हे मला तेव्हा समजलं नव्हतं. राग होता. नंतर वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की ते खोटं बोलत नव्हते. त्यामागे मोठा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा आपल्या मुंबईत घडलेला आहे. तोच आज लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण वेळ काढून वाचा. उद्या तुमच्या घरी लागेल.

मशीन आलं आणि प्रश्न आला

आपल्या पणजोबांपुढे हा प्रश्नच नव्हता. डॉक्टर घरी यायचे, नाडी बघायचे, बाहेर पडवीत येऊन हळूच सांगायचे, “जवळच्यांना बोलावून घ्या.” मग तुळशीपत्र, गंगाजल. थांबवण्यासारखं काही नसायचंच, त्यामुळे थांबवायचं की नाही हे ठरवावंही लागायचं नाही.

१९५२ साली डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. मुलांच्या श्वासाचे स्नायू निकामी होत होते. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून, नळी घालून, रबरी पिशवीने हवा आत ढकलायचा मार्ग काढला. मेडिकलचे विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस त्या पिशव्या हातांनी दाबत बसले. शेकडो जीव वाचले. पुढे हातांची जागा यंत्राने घेतली आणि असे पेशंट एका ठिकाणी ठेवण्याची पद्धत पडली. आजचा आयसीयू तिथून आला. १९६०मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी छाती दाबून बंद पडलेलं हृदय चालवण्याची पद्धत जगापुढे मांडली.

हे सगळं कुणासाठी होतं? जो चार-सहा आठवडे तगला तर उठून चालायला लागेल अशा माणसासाठी. पण यंत्राला काय कळतंय, समोर १२ वर्षांची पोर आहे की शेवटच्या टप्प्यातला ८१ वर्षांचा म्हातारा!

अमेरिकेत हा प्रश्न १९७५मध्ये कोर्टात गेला. न्यू जर्सीची कॅरेन अॅन क्विनलन ही २१ वर्षांची मुलगी बेशुद्ध झाली ती परत शुद्धीवर आलीच नाही. व्हेंटिलेटर काढा, असं आईवडील म्हणत होते आणि डॉक्टर नाही म्हणत होते. मार्च १९७६मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आईवडिलांच्या बाजूने निकाल दिला. व्हेंटिलेटर काढलं, तर ती स्वतःहून श्वास घेऊ लागली आणि १९८५पर्यंत जगली. म्हणजे यंत्र काढणं म्हणजे जीव घेणं, हे समीकरण तेव्हाच ढिलं झालं. त्याच १९७६ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला: माणूस शुद्धीवर असताना लिहून ठेवू शकतो की अखेरच्या आजारात मला कृत्रिम आधारावर ठेवू नका. अशा कागदाला ‘लिव्हिंग विल’ हे नाव त्याआधी काही वर्षं शिकागोच्या लुइस कुटनर या वकिलांनी दिलं होतं.

कुणी म्हणेल, हे सगळं पाश्चात्त्यांचं. तसं नाही. नोव्हेंबर १९८२मध्ये पवनारला विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर त्यांनी औषध, अन्न, पाणी घेणं थांबवलं आणि १५ नोव्हेंबरला ते गेले. पण एक फरक लक्षात घ्या. विनोबा शुद्धीवर होते, स्वतः नाही म्हणू शकत होते आणि भोवतालची माणसं ते ऐकणारी होती. आमच्या अण्णांच्या तोंडात नळी होती.

मुंबई, १९८१ ते १९९६

भारतात या विषयावरची पहिली संघटना मुंबईत निघाली. मिनू मसानी यांनी १९८१मध्ये सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी ती स्थापन केली. स्वातंत्र्य चळवळीतले समाजवादी, पुढे मुंबईचे महापौर, मग स्वतंत्र पक्षाचे नेते असा त्यांचा प्रवास. उतारवयात त्यांनी हा विषय हाती घेतला. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही.

कोर्टात मात्र गोष्ट वेगळ्याच दाराने शिरली. मारुती श्रीपती दुबळ हे मुंबई पोलिसातले हवालदार. अपघातानंतर मानसिक आजार जडलेला. बायकोला भाजीविक्रीचा परवाना मिळेना म्हणून त्यांनी महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल, म्हणजे कलम ३०९खाली, खटला भरला गेला. १९८६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे कलमच घटनाबाह्य ठरवलं. त्या निकालाचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेले. १९९४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी हीच भूमिका घेतली. पण १९९६मध्ये ज्ञान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती फिरवली. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असं ते म्हणाले.

मात्र त्याच निकालात एक बारीक फट राहिली. सन्मानाने जगण्याच्या हक्कात, मृत्यूची नैसर्गिक प्रक्रिया सुरू झालेली असताना सन्मानाने मरणं येऊ शकतं, असंही न्यायालयाने नोंदवलं. पुढची सगळी लढाई या फटीतून झाली.

आणखी एक गोष्ट, जी वादात विसरली जाते. १९८६मध्येच वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झालं. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटसाठीचं हे देशातलं पहिलं केंद्र. पुण्यात वारज्याला १९९७मध्ये सिप्लाचं केंद्र आलं. ‘उपचार थांबवणं’ म्हणजे ‘माणसाला सोडून देणं’ नसतं, हे या ठिकाणी जाऊन आलेल्यांना सांगावं लागत नाही. वेदना कमी करणं, श्वासाचा त्रास कमी करणं, जवळच्या माणसाला जवळ बसू देणं, हेही उपचारच आहेत.

वॉर्ड नंबर ४

अरुणा शानभाग यांचं नाव कुणाला माहीत नाही? कर्नाटकातल्या हळदीपूरची मुलगी, परळच्या केईएममध्ये नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ला रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. तेव्हापासून ती केईएममध्येच, वॉर्ड नंबर ४ला लागून असलेल्या खोलीत होती.

२००९मध्ये पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली: तिला जबरदस्तीने भरवणं थांबवा, तिला जाऊ द्या. केईएमच्या नर्सेस आणि डॉक्टर म्हणाले, आम्ही तिला सांभाळतोय, सांभाळत राहू. न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती तपासणीला पाठवली. ७ मार्च २०११ला न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली. अरुणाची जवळची माणसं म्हणजे केईएमचा स्टाफ, निर्णय त्यांचा, असं ते म्हणाले. नर्सेसनी मिठाई वाटली.

या खटल्यात खलनायक नव्हता. दोन्ही बाजूंना अरुणाबद्दल माया होती. हल्ला झाला तेव्हा ती पंचविशीत होती, लग्न ठरलेलं होतं. ‘मी अशी पडले तर काय करा’ हे त्या वयात कोण बोलतं? तिला काय हवं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे देशाच्या सर्वोच्च न्यायालयालासुद्धा शेवटी एवढंच ठरवावं लागलं की तिच्या वतीने बोलायचं कुणी.

१८ मे २०१५ला, न्यूमोनियाने, ती गेली. शेवटचे दिवस व्हेंटिलेटरवर होती.

त्या निकालाने एक दार मात्र उघडलं होतं. कृत्रिम आधार काढून घेता येईल, पण प्रत्येक वेळी उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन. विचार करा, आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसलेलं कुटुंब हायकोर्टात कधी जाणार? २०१६मध्ये आमच्या डॉक्टरांच्या डोक्यावर हीच टांगती तलवार होती. म्हणून ‘डामा’. कायद्याने दार अरुंद ठेवलं की लोक मागच्या दाराने जातात, आणि तिथे ना डॉक्टरांचं मंडळ असतं, ना वेदनाशामक औषध, ना नोंद.

कागदाला किंमत आली

आता त्या लेखी इच्छेच्या कागदाकडे येऊ. २००६मध्ये विधी आयोगाने १९६वा अहवाल दिला. असाध्य आजारात उपचार थांबवणाऱ्या डॉक्टरांना संरक्षण द्या, असं म्हणताना लिव्हिंग विल मात्र कायद्याने निरर्थक ठरवा, अशी शिफारस त्यात होती. भीती गैरवापराची. २००५पासून ‘कॉमन कॉज’ या दिल्लीच्या संस्थेची याचिका सर्वोच्च न्यायालयात पडून होती. सुनावणीत केंद्र सरकारनेही हीच भीती मांडली: म्हाताऱ्या माणसांना नकोसं करून टाकतील.

ही भीती खोटी नाही. सातबाऱ्यावरून भाऊ भावाचा जीव घेतो, अशा देशात आपण राहतो. पण उत्तर काय? ९ मार्च २०१८ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमुखाने सांगितलं की सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि आगाऊ लिहून ठेवलेली वैद्यकीय इच्छा वैध आहे. इंजेक्शन देऊन मारणं तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. उपचार थांबवणं वेगळं.

गैरवापर टाळायला न्यायालयाने इतक्या अटी घातल्या की कागद करणंच अशक्य झालं. कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही. मग रुग्णालयाचं डॉक्टरांचं मंडळ, त्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेलं दुसरं मंडळ, शिवाय दंडाधिकाऱ्यांनी स्वतः येऊन पेशंट बघायचा. आयसीयूत काम करणाऱ्या डॉक्टरांची संघटनाच मग न्यायालयात गेली: हक्क दिलात, पण तो वापरायचा कसा?

२४ जानेवारी २०२३ला न्यायालयाने अटी सोप्या केल्या. आज स्थिती अशी आहे:

– सज्ञान, शुद्धीवर असलेल्या कुणालाही स्वखुशीने असं इच्छापत्र करता येतं. केव्हाही बदलता, रद्द करता येतं.
– दोन साक्षीदार लागतात आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही.
– आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावं त्यात लिहायची. एकापेक्षा जास्त चालतात.
– प्रत या माणसांना, फॅमिली डॉक्टरांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची.
– वेळ आली की रुग्णालयातली तीन डॉक्टरांची दोन मंडळं, एकापाठोपाठ एक, निर्णय देतात, शक्यतो ४८ तासांत. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला डॉक्टर असतो. उपचार थांबवण्याआधी दंडाधिकाऱ्यांना कळवायचं.
– कागद नसेल तरी नातेवाइकांच्या लेखी संमतीने आणि याच दोन मंडळांच्या मार्गाने निर्णय होऊ शकतो.

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. कागद नसेल तर सगळा भार नातेवाइकांच्या संमतीवर येतो. म्हणजे आमच्या घरी जे झालं, तेच.

प्रत ठेवणारा अधिकारी कोण, हेही सरकारी पातळीवर आपोआप ठरलं नाही. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं इच्छापत्र केलं आणि ते द्यायचं कुणाकडे, यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर राज्यात असे अधिकारी नेमले गेले. गोव्यात मे २०२४मध्ये उच्च न्यायालयाचे तेव्हाचे विद्यमान न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं, राज्यातलं ते पहिलं. आणि अरुणाच्या माहेरच्या राज्याने, कर्नाटकाने, ३० जानेवारी २०२५ला या निकालाच्या अंमलबजावणीचं परिपत्रक काढलं.

दिवाळीतला अभद्र विषय

गेल्या दिवाळीत दादा आला होता. बहीणही आली. फराळ झाल्यावर मी विषय काढला. दादा म्हणाला, “सणासुदीचं काय हे अभद्र!”

आई म्हणाली, “मग कधी बोलायचं, दहाव्याला?”

ती ८२ वर्षांची आहे. आम्हाला वाटलं होतं, ती म्हणेल मला काही नको. तसं अजिबात म्हणाली नाही. म्हणाली, “बरी होण्यासारखी असेन तर औषधं द्या, आठवडाभर मशीनही लावा. मला जगायला आवडतं. पण तुम्ही कोण हे मला कळेनासं झालं आणि डॉक्टर म्हणाले आता हे असंच राहणार, तर नळ्या नकोत. दुखू देऊ नका. घरी आणा.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि माझे हात बांधू नका.”

आम्ही बघत राहिलो. अण्णांनी नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात पट्टीने पलंगाला बांधले होते. भेटीच्या पाच मिनिटांत ते तिने पाहिलं होतं. आम्ही तिघं मॉनिटरवरचे आकडे बघत होतो.

तिच्या वतीने बोलणारी म्हणून पहिलं नाव बहिणीचं, दुसरं माझं. दादा खट्टू झाला. आई म्हणाली, “अरे, तुला फोनवर कळणार नाही. आणि तू ‘सगळं करा’ म्हणशील. ते प्रेमच आहे, पण मला नकोय.” दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग बहिणीला म्हणाला, “तेव्हा मी जे बोललो ना...” ती म्हणाली, “राहू दे.” नऊ वर्षांनी ते तेवढ्यावर मिटलं.

पुढचं काम किरकोळ. शेजारचे काका आणि माझा एक मित्र साक्षीदार. नोटरीने आधी मालमत्तेचं मृत्युपत्रच समजून स्टॅम्पपेपर काढला, त्याला समजावून सांगावं लागलं. प्रत द्यायला स्थानिक कार्यालयात तीन टेबलं फिरलो, चौथ्यावर पोच मिळाली. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे, एक आईच्या औषधांच्या डब्यात, एक आम्हा तिघांच्या फोनमध्ये.

३५-४० वर्षं न्यायालयांनी घासाघीस करून आपल्या हातात हा एक कागद दिला आहे. तो कागद आयसीयूतल्या डॉक्टरांना उपयोगी पडेल. पण त्यावर काय लिहायचं हे कुठलंही न्यायालय सांगू शकत नाही. ते आई सांगते, बाबा सांगतात, आणि तेही विचारलं तरच.

तर या रविवारी चहा घेताना विचारा. एवढंच विचारा, “तुम्हाला काय हवंय?” आणि मग गप्प बसून ऐका. दोघांपैकी एकालाच विचारून थांबू नका.

माझं स्वतःचं इच्छापत्र अजून व्हायचंय. बायको म्हणते, आधी बोलू, मग लिहू. बरोबर आहे तिचं.